निवृत्त फायरमनच्या पश्चात घरच्यांना पेन्शन: कागदांपासून खात्यात रक्कम येईपर्यंत

अग्निशमन दलातून निवृत्त झालेला माणूस वारला की त्याच्या पत्नीला पेन्शन मिळते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ती किती मिळते, कोणत्या तारखेपासून, अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा आणि तिथला क्लार्क फाईल परत का पाठवतो, हे मात्र घरात कुणालाच माहीत नसतं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना अशा कामात मदत करताना माझं एक मत पक्कं झालं आहे: दावे नियमांमुळे क्वचितच अडतात, अडतात ते नाव, तारीख आणि फोटो यांच्यामुळे. म्हणून या लेखातला सर्वांत मोठा भाग ते गृहस्थ हयात असताना करायच्या कामाचा आहे. तुमचे वडील किंवा सासरे निवृत्त फायरमन असतील आणि ठणठणीत असतील, तर हा लेख आजच वाचायचा आहे.

पेन्शन देतं कोण, ते आधी बघा

‘फायर ब्रिगेड’ हा शब्द एक असला तरी पगार देणारे हात वेगवेगळे असतात, आणि सगळी वाट त्यावर ठरते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांची अग्निशमन दलं महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांच्या चौकटीत चालतात. त्यातला नियम ११६ कुटुंब निवृत्तिवेतनाचा. मुंबई महापालिकेचे स्वतःचे निवृत्तिवेतन नियम १९५३ सालचे आहेत, पण व्यवहारात आराखडा पुष्कळसा तसाच. एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन महालेखापाल कार्यालय मंजूर करतं आणि कोषागार देतं. महापालिकेच्या फायरमनची पेन्शन महापालिकेचाच लेखा विभाग मंजूर करतो आणि देतो. त्यामुळे शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं म्हणून कोषागारात जाऊन रांग लावू नका.

संरक्षण खात्याच्या आस्थापना, म्हणजे नौदलाची गोदी, खडकी, देहूरोड, भुसावळ इथले आयुध कारखाने, यांच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्यांना केंद्राचे नियम लागतात आणि त्यांचं काम बहुतेक ‘स्पर्श’ या पोर्टलवरून चालतं. खासगी कारखान्याच्या फायर विभागात नोकरी झाली असेल तर भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन योजना. तिच्यात पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. निम्मी रक्कम हजारापेक्षा कमी भरली तरी दरमहा किमान १,००० रुपये मिळतात. शिवाय २५ वर्षांखालच्या दोन मुलांना पत्नीच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के. अर्ज नमुना १०-डी मध्ये, भविष्य निर्वाह निधी कार्यालयात.

नव्या भरतीचा प्रश्न वेगळा. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ पासून आणि मुंबई महापालिकेत ५ मे २००८ पासून लागलेले कर्मचारी अंशदायी योजनेत गेले, म्हणजे पगारातून दरमहा कापून पेन्शनसाठी रक्कम साठवायच्या योजनेत. त्यातून निवृत्त होणाऱ्याने ॲन्युइटी (साठलेल्या रकमेतून विमा कंपनीकडून विकत घेतलेली पेन्शन) घेताना कोणता पर्याय निवडला, यावर घरच्यांचं सगळं अवलंबून. ‘पत्नीला हयातभर’ हा पर्याय असेल तर तिला रक्कम चालू राहते. ‘फक्त स्वतःच्या हयातीपर्यंत’ असा पर्याय असेल तर काहीच उरत नाही. तो कागद शोधा, आणि दावा कार्यालयात न करता विमा कंपनीकडे करा.

पुढचं सगळं जुन्या पेन्शनवाल्या महापालिका फायरमनच्या घरच्यांना धरून आहे. आज निवृत्त असलेले बहुसंख्य तेच.

ते हयात असताना

घरातला पीपीओ बाहेर काढा. निवृत्तिवेतन प्रदान आदेश हे त्याचं पूर्ण नाव, पण तसं कुणी म्हणत नाही. बहुतेक घरांत तो कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, पदकं आणि जुन्या पासबुकांबरोबर असतो. तो उघडून चार गोष्टी वाचा: पत्नीचं नाव, तिची जन्मतारीख, कुटुंब निवृत्तिवेतनाचे दोन दर आणि वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आहे ती तारीख. मग हे सगळं आधार कार्डाशी आणि बँकेच्या पासबुकाशी जुळवून पाहा. एकेक अक्षर जुळवा, वेलांटीसकट.

एका निवृत्त तांडेलांच्या (म्हणजे लीडिंग फायरमनच्या) घरचं उदाहरण सांगतो. काकूंचं माहेरचं नाव सुमन. लग्नात बदललेलं नाव सुलोचना. सेवापुस्तकात ‘सुलोचना’, रेशनकार्डावर ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’ आणि जन्मतारीख १ जानेवारी, कारण खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पेन्शनवर सुलोचना आणि बँकेत सुमन. काका गेल्यावर कार्यालयाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाया होत्या. काका असते तर त्यांची एक सही, एक अर्ज आणि लग्नाचा दाखला एवढ्यावर काम झालं असतं. ते गेल्यावर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची नोंद, दोन शेजाऱ्यांचे जबाब आणि तोवर महिन्यामागून महिने.

म्हणून नावात फरक असेल तर पेन्शनरने स्वतः आपल्या शेवटच्या आस्थापना विभागाला अर्ज द्यावा: ‘माझ्या पत्नीचं नाव अमुक आहे, तमुक आणि ती एकच व्यक्ती आहे, पीपीओत दुरुस्ती करावी.’ सोबत आधार, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो जोडावा. विवाह नोंदणी झालेली नसेल तर आत्ताही करता येते. साठीतलं जोडपं नोंदणी कार्यालयात गेलं तर कुणी हसत नाही. रोजच जातात.

पेन्शनचं खातं पत्नीबरोबर संयुक्त करून घ्या, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचं. मुलाचं नाव त्या खात्यात घालण्याचा आग्रह घरोघरी होतो. मुलाला वेगळं नॉमिनी करा. पेन्शनच्या खात्यात पत्नीच असू द्या, कारण पुढची पेन्शन तिच्याच नावाने यायची आहे.

थकबाकीचं नामनिर्देशनही करून ठेवा. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या पेन्शनमधली न मिळालेली रक्कम, वेतन आयोगाचे राहिलेले हप्ते, महागाईचा थकलेला फरक हे सगळं थकबाकीत येतं. नामनिर्देशन असेल तर साध्या अर्जावर मिळतं. नसेल तर कार्यालय वारस दाखला मागतं, आणि तो दिवाणी न्यायालयातून, १८२७ च्या मुंबई विनियमाखाली काढावा लागतो. वकील, जाहीर नोटीस, तारखा. रक्कम कधीकधी वकिलाच्या फीएवढीसुद्धा नसते.

दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंद वडिलांच्या हयातीतच करा. त्याचं पुढे येतंच.

गेल्यानंतरचे पहिले दिवस

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला तर रुग्णालय कळवतं, घरी झाला तर घरच्यांनी कळवायचं. नोंद करताना मृताचं नाव पीपीओप्रमाणे लिहिलं आहे ना, हे त्याच वेळी बघा. घाईत घरातलं टोपणनाव लिहिलं जातं आणि मग मृत्यू दाखल्याची दुरुस्ती हे नवं प्रकरण उभं राहतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. बँक, महापालिका, पतपेढी, विमा, गॅस, घर, सगळे मूळ प्रत मागतात.

एटीएममधून पेन्शन काढू नका. हे ठासून सांगतो, कारण दुःखाच्या दिवसांत घरातलं कुणीतरी कार्ड घेऊन जातं आणि पुढच्या महिन्याची जमा झालेली पेन्शन काढून आणतं. मृताची पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतच लागू असते. त्यानंतर जमा झालेली रक्कम परत करावी लागते, आणि ती काढलेली असली तर वसुली पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होते. बँकेला आणि महापालिकेच्या पेन्शन विभागाला मृत्यू लेखी कळवा. पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. पुढे ‘तुम्ही उशिरा कळवलं’ असं कुणी म्हटलं तर हाच कागद उपयोगी पडतो.

अर्ज

पीपीओत पत्नीचं नाव आधीच असेल तर नवी मंजुरी फारशी लागत नाही, आहे ती मंजुरी चालू करायची असते. पेन्शन विभागात कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज मिळतो. त्यासोबत साधारण हे लागतं: मूळ पीपीओ, मृत्यू दाखला, पत्नीचं आधार आणि पॅन, तिच्या खात्याचं पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, दोन-तीन फोटो, ओळखीच्या खुणा, नमुना सह्या किंवा अंगठे, कुटुंबाचा तपशील, पुनर्विवाह केला नसल्याचं निवेदन आणि जादा रक्कम गेली असल्यास परत करण्याचं हमीपत्र.

अंगठा उठवणाऱ्या आजींच्या बाबतीत अंगठ्याला साक्षीदार लागतात, हे घरूनच लक्षात ठेवून जा. ठसे पुसट झालेल्या बायका पुष्कळ असतात. अशा वेळी फोटो आणि ओळखपत्रावर साक्षांकन करून घ्यायला सांगा.

मूळ पीपीओ हातावेगळा करण्याआधी त्याची रंगीत झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो ठेवा. पीपीओ हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून दुसरी प्रत मागता येते, पेन्शन त्यासाठी बुडत नाही.

मृत्युपत्राचा विषय इथेच संपवतो. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नाही, त्यामुळे मृत्युपत्र करून ती भावाला, पुतण्याला किंवा एका मुलाला देता येत नाही. नियमात ज्याचा हक्क, त्यालाच ती मिळते. मुलांची ‘ना हरकत’ पत्नीच्या पेन्शनसाठी लागत नाही. कुणी मागितली तर कोणत्या नियमाखाली, हे लेखी विचारा.

किती मिळते

नियम ११६ मध्ये दोन दर आहेत. साधा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. वाढीव दर ५० टक्के, पण तो निवृत्तिवेतनाच्या रकमेपेक्षा जास्त नाही. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून ७ वर्षं, किंवा मृत व्यक्ती हयात असती तर ६५ वर्षांची झाली असती त्या तारखेपर्यंत, यापैकी जे आधी येईल तोपर्यंत. दोन्हींवर महागाई वाढ मिळते.

आकड्यात बघू. शेवटचं मूळ वेतन ६०,००० रुपये. पूर्ण सेवा, म्हणून निवृत्तिवेतन ३०,०००. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होताना ४० टक्के अंशराशीकरण केलं, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेतले, ज्याला सगळे ‘पेन्शन विकली’ म्हणतात. त्यामुळे दरमहा १२,००० कापले जाऊन १८,००० आणि पूर्ण ३०,००० वरची महागाई वाढ त्यांच्या हातात येत होती. ते ६१ व्या वर्षी गेले. सात वर्षं धरली तर ६८, पण ६५ आधी येतं. म्हणून पत्नीला चार वर्षं वाढीव दराने ३०,००० आणि त्यानंतर साध्या दराने १८,००० रुपये.

इथे घरच्यांचा गोंधळ उडतो. यजमानांना १८,००० मिळत होते आणि बाईंना ३०,०००, म्हणजे काहीतरी चूक झाली, उद्या वसुली येईल, अशी भीती वाटते. चूक काही नाही. विकलेल्या पेन्शनची कपात फक्त पेन्शनरच्या रकमेतून होते. त्यांच्या मृत्यूनंतर ती कुटुंबाकडून वसूल होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून कापलीही जात नाही. कुठल्या कार्यालयाने ती कापली असेल तर तिथे अर्ज करा.

तेच गृहस्थ ६६ व्या वर्षी गेले असते तर वाढीव दराचा काळ उलटून गेलेला, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून ३० टक्केच. आणि पहिल्या उदाहरणासारखी चार वर्षांनी रक्कम खाली येते तेव्हा ‘पेन्शन कमी केली’ म्हणून पुष्कळ जणी धावत येतात. ती तारीख पीपीओवर छापलेली असते. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या हिशेबाने कर्जाचे हप्ते घ्या.

पत्नी स्वतः नोकरीत असली किंवा तिची स्वतःची पेन्शन असली तरी नवऱ्याची कुटुंब पेन्शन तिला मिळते. महिला फायरमन हल्ली दलात आहेत. त्यांच्या पश्चात पतीलाही हाच हक्क आहे. ८० वर्षांपुढे पेन्शनमध्ये टप्प्याटप्प्याने वाढ होते आणि ती कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागते. ती वाढ पत्नीच्या वयावरून ठरते, म्हणून तिच्या जन्मतारखेचा पुरावा पक्का हवा. आधारवरची ती १ जानेवारी इथे नडते.

पत्नी नसेल, किंवा दोन असतील

पत्नीनंतर हक्क मुलांकडे जातो, एका वेळी एकाकडे, मोठ्यापासून खाली. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत. मुलीसाठी नियमातली मर्यादा २४ वर्षं किंवा लग्न. अविवाहित मुलीच्या बाबतीत शासनाने पुढे मर्यादा सैल केली आहे, त्यामुळे आईवडील दोघं गेल्यावर चाळिशीतली अविवाहित मुलगी एकटी राहिली असेल तर ‘वय झालं, काही मिळणार नाही’ असं ऐकून परत फिरू नका. एक अडचण खरी असते. शासन निर्णय महापालिकेला आपोआप लागू होत नाही, महापालिकेने तो स्वीकारावा लागतो. म्हणून विचारायचा प्रश्न असा: ‘हा शासन निर्णय आपल्या महापालिकेने कोणत्या ठरावाने किंवा परिपत्रकाने स्वीकारला आहे?’ उत्तर लेखी घ्या.

दिव्यांग मुलाला किंवा मुलीला, स्वतःची उपजीविका करता येत नसेल तर, कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं. त्यासाठी शासकीय वैद्यकीय मंडळाचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर पालक नेमून घ्यावा लागतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो नेमते. हे काम आईवडील असताना निम्म्या वेळात होतं, नंतर भावंडांना फार जड जातं.

दुसऱ्या पत्नीचा विषय घराघरांत हळू आवाजात निघतो, पण कागदावर तो स्पष्ट आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेलं दुसरं लग्न अवैध, त्यामुळे त्या बाईंना पत्नी म्हणून दावा करता येत नाही. मुलांना मात्र कायदा औरस मानतो, त्यांचा हक्क जात नाही. ज्यांच्या व्यक्तिगत कायद्यात एकाहून अधिक विवाहांना मान्यता आहे तिथे रक्कम विधवांमध्ये समान वाटली जाते. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा आस्थापनेत दिला आहे ना, हे पेन्शनरनेच बघावं. सेवापुस्तकात पहिलं नाव तसंच राहिलं तर मागे राहिलेल्या दोन बाया वर्षानुवर्षं भांडत बसतात.

आग, धूर आणि जुन्या जखमा

फायरमनच्या बाबतीत एक कागद इतर कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त मोलाचा असतो: दुर्घटनेचा अहवाल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटकं भरलेल्या जहाजाला आग लागली आणि ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. कर्तव्यावर मृत्यू आला तर त्याचे वेगळे लाभ मिळतात, ते सगळ्यांना दिसतं. पण भाजलेला हात, पडून मोडलेला मणका किंवा वर्षानुवर्षं फुप्फुसात गेलेला धूर निवृत्तीनंतर दहा वर्षांनी जीव घेतो, तेव्हा तो नोकरीमुळे गेला हे सिद्ध करायला कागद लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा पेशाच कर्करोगकारक ठरवला. पण नुसत्या त्या निष्कर्षावर आपल्याकडे जादा पेन्शन मिळत नाही. वर्दी, म्हणजे आगीची खबर, किती वाजता आली, कोण जवान आत गेले, कुणाला रुग्णालयात हलवलं, ही नोंद आणि त्या वेळचे केसपेपर मागावे लागतात. वैद्यकीय कारणाने लवकर निवृत्त झालेल्यांच्या घरच्यांनी ही फाईल फेकू नये.

राष्ट्रपतींचं शौर्यासाठीचं अग्निशमन सेवा पदक असेल तर त्याला मासिक भत्ता जोडलेला असतो आणि पदकधारकाच्या पश्चात तो पत्नीकडे चालू राहण्याची तरतूद आहे. पेन्शन विभाग स्वतःहून हे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. पदकाच्या अधिसूचनेची प्रत लावून वेगळा अर्ज करा. पतपेढीतले भाग आणि ठेव यांचीही चौकशी त्याच फेरीत उरका.

फाईल हलत नसेल तर

‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकून परत येण्यात महिने जातात. त्यापेक्षा प्रत्येक भेटीत काहीतरी लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. त्रुटी काय आहेत, त्या एकाच पत्रात सर्व कळवाव्यात, अशी लेखी विनंती करा. दर वेळी एक नवी त्रुटी काढण्याची सवय त्याने बरीच मोडते. तरीही हललं नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली तीन ओळींचा अर्ज: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, फाईल सध्या कोणाकडे आहे, टिपणीची प्रत द्यावी. मग आयुक्तांच्या नावाने तक्रार. आपल्या दलातल्या निवृत्तांची संघटना असेल तर तिच्यातल्या जुन्या स्टेशन ऑफिसरना बरोबर न्या. ओळखीचा माणूस बरोबर असला की टेबलावर बोलण्याची पद्धत बदलते, हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

चालू झाल्यावर दरवर्षी

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. बँकेत जाऊन यादीवर सही करता येते, किंवा ‘जीवन प्रमाण’ वर आधारच्या मदतीने. आता चेहरा दाखवूनही होतं, त्यामुळे पुसट ठशांच्या आजींचं अडत नाही. पोस्टमनही घरी येऊन करून देतो. मात्र आपली महापालिका डिजिटल दाखला स्वीकारते का, ते पहिल्या वर्षी विचारून घ्या. डिसेंबरमध्ये पेन्शन आली नाही तर नव्वद टक्के वेळा कारण हेच. दाखला दिला की थांबलेली रक्कम थकबाकीसह येते.

आयकरात कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवतात, पगार म्हणून दाखवायचं नाही. त्यामुळे पेन्शनरला मिळते ती प्रमाणित वजावट इथे मिळत नाही. वेगळी वजावट आहे: रकमेच्या एक तृतीयांश किंवा जुन्या करपद्धतीत १५,००० रुपये, आणि नव्या करपद्धतीत २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून २५,००० रुपये, यापैकी जी कमी ती. थकबाकी एकदम मोठी आली असेल तर ती ज्या वर्षांची आहे त्या वर्षांवर पसरवून करसवलत मागता येते, म्हणून थकबाकीचं वर्षवार विवरण लेखा विभागाकडून रक्कम जमा होताच मागून घ्या.